गॅस संपत नाही, गळतो

ऊन तापू लागले की गाड्यांच्या एसीच्या तक्रारी वाढतात आणि बहुतेक तक्रारींवर एकच इलाज सांगितला जातो: गॅस भरून घ्या. तासाभरात काम उरकते, गाडी थंड होते, आणि पुढच्या एप्रिलमध्ये तीच गाडी पुन्हा त्याच गॅरेजच्या दारात उभी राहते. त्यातून दर उन्हाळ्यात गॅस भरणे हा ऑइल बदलण्यासारखाच देखभालीचा भाग आहे, अशी समजूत घट्ट होत गेली. ती चुकीची आहे आणि महागातही पडते. एसीतला गॅस जळत नाही, झिजत नाही, वापरला जात नाही. बंद नळ्यांमधून तोच तो वर्षानुवर्षे फिरत राहतो. तो लक्षात येण्याइतका कमी झाला असेल, तर कुठून तरी गळला आहे. कमी झालेला नसेल, तर गाडी थंड न होण्याचे कारण दुसरेच आहे. दोन्ही वेळा आधी कारण शोधायला हवे, आणि नेमके तेच काम टाळले जाते.

गॅस फिरतो कसा, हे कळले की पुढचे बरेचसे आपोआप कळते. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत आर-१३४ए नावाचा वायू असतो. साध्या हवेच्या दाबाला तो उणे २६ अंश सेल्सिअसला उकळतो. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याला दाबतो, तेव्हा तो चांगलाच तापतो. रेडिएटरच्या पुढे बसवलेल्या कंडेन्सरच्या जाळीत तो आपली उष्णता बाहेरच्या हवेला देतो आणि त्याचा द्रव होतो. एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून पलीकडे गेल्यावर त्याचा दाब एकदम उतरतो आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो पुन्हा उकळू लागतो. उकळण्यासाठी लागणारी उष्णता तो गाडीतल्या हवेतून ओढून घेतो, म्हणून हवा गार होते. याच गॅसबरोबर कॉम्प्रेसरला लागणारे तेलही फिरत असते. तेलाची ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

या साखळीत बिघडण्याजोग्या जागा अनेक आहेत आणि त्यांतल्या कित्येकांचा गॅसशी संबंध नाही. गाडी धावत असताना गार हवा येते आणि सिग्नलला थांबल्यावर कोमट होते, तेव्हा पहिला संशय कंडेन्सरच्या पंख्यावर घ्यावा. धावत्या गाडीत समोरचा वारा जाळी गार करतो. उभ्या गाडीत ते काम पंख्याचे. त्याचा फ्यूज उडालेला असतो, रिले गेलेला असतो किंवा मोटर थकलेली असते. जाळीत धूळ, चिखल आणि किडे अडकले असतील तरी तोच अनुभव येतो. अशा वेळी वरून गॅस भरला, तर आधीच वाढलेला दाब आणखी वाढतो आणि त्याचा ताण कॉम्प्रेसरवर येतो. हवा गार असते पण झोत मंद असतो, तेव्हा केबिन फिल्टर काढून बघावा. तो धुळीने गच्च भरलेला सापडणे नेहमीचे आहे. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळलेला असतो. लांबच्या प्रवासात झोत हळूहळू कमी होत जातो आणि एसी थोडा वेळ बंद ठेवल्यावर पूर्ववत होतो, तेव्हा कूलिंग कॉइलवर बर्फ जमतो आहे असे समजावे. त्यामागे बिघडलेला सेन्सर असू शकतो, तुंबलेला फिल्टर असू शकतो आणि कमी झालेला गॅसही असू शकतो. एका लक्षणावरून निदान करू नये, ते यासाठीच. पायाखालच्या मॅटवर पाणी साचते, ते कॉइलचे पाणी बाहेर नेणारी नळी तुंबल्यामुळे.

हवामानही हिशेबात धरावे लागते. एक किलो हवा एक अंशाने गार करायला साधारण एक किलोज्यूल उष्णता काढावी लागते. हवेतल्या एक किलो वाफेचे पाणी करायला मात्र सुमारे २४०० किलोज्यूल. म्हणजे मुंबईच्या किंवा गोव्याच्या दमट हवेत एसीची बरीचशी ताकद पाणी काढण्यातच खर्च होते. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात ते ओझे कमी, पण कंडेन्सरला आपली उष्णता ४५ अंशांच्या हवेत टाकायची असते. भर दुपारी उन्हात उभी राहिलेली गाडी पहिल्या पाच मिनिटांत गार होत नाही, हा बिघाड नाही. काचा उघडून आतली तापलेली हवा आधी बाहेर काढावी आणि मग आतलीच हवा फिरवणारे बटण दाबावे.

आता गेजविषयी. इंजिन बंद असताना गेज लावून, आकडा दाखवून ‘गॅस आहे’ किंवा ‘गॅस संपलाय’ असे सांगितले जाते. या आकड्यावर एवढा भरवसा ठेवता येत नाही. बंद यंत्रणेत थोडा जरी द्रव शिल्लक असला, तरी तिथला दाब केवळ तापमानावर ठरतो. ३० अंशांना आर-१३४एचा दाब सुमारे ९७ पीएसआय असतो, मग आत २०० ग्रॅम गॅस असो की ४५० ग्रॅम. स्वयंपाकाच्या सिलिंडरचेही असेच असते. शेगडीची ज्योत शेवटपर्यंत सारखीच दिसते आणि किती गॅस उरला हे वजनावरूनच कळते. इंजिन चालू करून दोन्ही बाजूंचे दाब वाचले तर पुष्कळ समजते. दोन्ही कमी असतील तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. दोन्ही जास्त असतील तर गॅस जादा झाला आहे किंवा कंडेन्सर गार होत नाही. कमी दाबाची बाजू चढलेली आणि जास्त दाबाची बाजू उतरलेली असेल तर कॉम्प्रेसर दमला आहे. पण किती ग्रॅम कमी आहे, हे त्यावरूनही सांगता येत नाही. त्यासाठी आतला सगळा गॅस यंत्राने काढून तोलावा लागतो, पंपाने पुरेसा वेळ व्हॅक्यूम धरून हवा आणि ओल काढावी लागते आणि मग बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेल्या वजनाइतका गॅस भरावा लागतो. अंदाजाने मारलेला टॉप-अप कमी पडतो किंवा जास्त होतो, आणि जास्त झालेला गॅससुद्धा थंडावा घटवतो.

यावर जाणकार मेकॅनिक एक आक्षेप घेतील आणि तो खरा आहे. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या शाफ्टच्या सीलमधून चांगल्या यंत्रणेतही थोडा गॅस झिरपतो. मग दर काही वर्षांनी भरणे आलेच ना? आलेच, प्रश्न किती वर्षांनी, एवढाच आहे. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमात एका कूलिंग कॉइलच्या गाडीला वर्षाला जास्तीत जास्त ४० ग्रॅम गळतीची मुभा होती. ही कमाल मर्यादा धरली, तरी ४५० ग्रॅमच्या यंत्रणेतला निम्मा गॅस जायला साडेपाच वर्षे लागतील. जुन्या गाडीला सात-आठ वर्षांनी गॅस लागला तर त्यात नवल नाही. दर उन्हाळ्यात लागत असेल, तर तिथे भोक आहे.

दुसरा आक्षेप पैशांचा आहे आणि तो जास्त जड आहे. टॉप-अप स्वस्तात होतो. कूलिंग कॉइल बदलायची तर अनेक गाड्यांत अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. ज्याचे घर टॅक्सीवर चालते, त्याने गाडी दोन दिवस उभी का ठेवावी? ही अडचण खरी आहे, पण तिच्यात दोन गोष्टी सुटून जातात. गळती नेहमी महागड्या भागातच असते असे नाही. कित्येकदा ती सांध्यावरच्या रबरी रिंगमध्ये किंवा गॅस भरायच्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये निघते आणि ते काम किरकोळ असते. दुसरी गोष्ट तेलाची. गॅस गळतो तिथून तेलही बाहेर येते, म्हणून तर सांध्यावरचा तेलकट, धूळ चिकटलेला डाग ही गळतीची पहिली खूण. नुसता गॅस भरत राहिले की तेल कमी होत जाते आणि शेवटी कॉम्प्रेसर जाम होतो. त्यातून सुटलेला धातूचा चुरा कंडेन्सरपर्यंत पोहोचला, तर तोही बदलावा लागतो. गॅस कमी झाल्यावर कॉम्प्रेसर बंद पाडणारा प्रेशर स्विच याच नुकसानीपासून वाचवण्यासाठी असतो. तो वायर जोडून ‘डायरेक्ट’ करू देणे म्हणजे राखणदार हटवणे. गळती थांबवणारी रसायने आत ओतण्यापासूनही लांब राहिलेले बरे, कारण ती व्हॉल्व्हमध्ये आणि गॅस काढणाऱ्या यंत्रात घट्ट होऊन बसू शकतात.

गळती शोधणे अवघड नाही. नायट्रोजन भरून दाब टिकतो का ते बघतात आणि साबणाचे पाणी लावून बुडबुडे शोधतात. गळती बारीक असेल तर गॅसबरोबर अतिनील प्रकाशात चमकणारा रंग सोडतात किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर फिरवतात. किनाऱ्यावरच्या गाड्यांत कंडेन्सर आधी तपासावा, कारण खारी हवा ॲल्युमिनियम खाते आणि ही जाळी तर सगळ्यांत पुढे, दगड-खडे झेलत असते.

गळलेला गॅस जातो कुठे, हा प्रश्न गॅरेजमध्ये फारसा विचारला जात नाही. आर-१३४ए ओझोनला धक्का लावत नाही, म्हणूनच त्याने जुन्या आर-१२ ची जागा घेतली. पण शंभर वर्षांच्या हिशेबात तो वजनाला वजन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४३० पट उष्णता धरून ठेवतो. ४५० ग्रॅम हवेत सोडणे म्हणजे साधारण २८० लिटर पेट्रोल जाळण्याइतका परिणाम. २०१६ च्या किगाली करारानुसार असे वायू टप्प्याटप्प्याने कमी करायचे आहेत आणि भारताने २०२१ मध्ये त्याला मान्यता दिली आहे. परदेशातल्या नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा कितीतरी सौम्य वायू रुळला आहे. तो बराच महाग आहे, थोडा ज्वलनशील आहे आणि त्याची जोडणी मुद्दाम वेगळी ठेवली आहे, म्हणजे जुना गॅस चुकून भरला जाऊ नये. सध्या आर-१३४एवर चालणाऱ्या गाडीच्या मालकाला आजच करता येण्याजोगी गोष्ट साधी आहे: काम झाल्यावर किती ग्रॅम गॅस निघाला, किती भरला आणि गळती कुठे सापडली, हे बिलावर लिहून मागायचे.