काळजी की अडवणूक?

मोटारीत आणि ट्रॅक्टरमध्ये बॅटरी असते. ती आपण पाहिली आहे. तिच्या आत शिसे असते. बॅटरीच्या कारखान्यात शिशाची बारीक धूळ उडते. ती श्वासावाटे अंगात जाते व रक्तात भिनते. पोटातल्या बाळाला तर तिचा फार अपाय होतो.

मग अशा कामावर बायांना घ्यावे की नाही? तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? नकोच घ्यायला! पण थांबा. अमेरिकेत घडलेली हकिकत आधी ऐका.

तेथे जॉन्सन कंट्रोल्स नावाची कंपनी बॅटऱ्या बनवीत असे. १९७७ साली तिने कामगार बायांना शिशाचा धोका समजावून सांगितला. काम करायचे की नाही, हे ज्याच्या त्याच्यावर सोपविले. पुढे आठ बाया गरोदर राहिल्या. त्यांच्या रक्तात शिसे जास्त आढळले. तेव्हा १९८२ साली कंपनीने नियमच केला. जिला मूल होऊ शकते, अशा कोणत्याही बाईला शिशाचे काम मिळणार नाही. मूल होणार नाही, असा डॉक्टरचा दाखला आणील तिलाच काम!

या नियमाने काय झाले? एका बाईने नोकरी टिकावी म्हणून मूल न होण्याचे ऑपरेशन करून घेतले. दुसरी पन्नास वर्षांची होती. तिलाही त्या कामावरून हलविले. तिचा पगार घटला. एका पुरुषाला बाप व्हायचे होते. अंगातले शिसे कमी व्हावे म्हणून त्याने रजा मागितली. ती मिळाली नाही!

१९८४ साली कामगार व त्यांची संघटना कोर्टात गेली. खालच्या दोन्ही कोर्टांत कंपनी जिंकली. पण कामगारांनी धीर सोडला नाही. २० मार्च १९९१ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीचा नियम बेकायदा ठरविला.

न्यायालयाने काय सांगितले? शिशाने पुरुषाच्या बीजालाही अपाय होतो. मग बंदी एकट्या बाईलाच का? बाईला काम नीट येते की नाही, एवढेच मालकाने पाहावे. होणाऱ्या मुलाच्या भल्याचा निर्णय आईबापांचा आहे. तो मालकाचा नव्हे.

आपल्याकडेही असेच झाले. १९४८ च्या कारखाना कायद्यात बायांना संध्याकाळी सातनंतर सकाळी सहापर्यंत कारखान्यात कामाची मनाई होती. हेतू त्यांच्या रक्षणाचा. पण त्यामुळे रात्रपाळीची मजुरी हातची जाई. २००० साली मद्रास उच्च न्यायालयाने हे कलम घटनेविरुद्ध ठरविले. बायांना रात्रपाळी करू द्या. मात्र त्यांच्या सुरक्षिततेची आणि जाण्यायेण्याची सोय करा, असे सांगितले.

वाचकहो, धोका खोटा होता असे आम्ही म्हणत नाही. शिसे विषारीच आहे. पण विहिरीला कठडा नसेल तर कठडा बांधावा. बाईने विहिरीवर येऊच नये, हा काही उपाय नव्हे. उद्या कोणी तुम्हाला म्हणेल, “तुमच्या भल्यासाठीच काम देत नाही.” तेव्हा शांतपणे दोन गोष्टी विचारा. हा धोका इतरांना नाही का? आणि तो कमी करायला तुम्ही काय केलंत?