दाद न लागलेल्या फिर्यादी

आमच्या वैजापूर तालुक्यात शेताच्या बांधावर पिंपळाखाली शेंदूर फासलेला एखादा दगड दिसला, की तो मुंजोबा, हे कुणाला सांगावे लागत नाही. आणि लहानपणी तिन्हीसांजेला त्याच्यावरून जाताना माझा हात घट्ट धरणारी आजी, निजामी अमलातील कचेऱ्यांनी खेड्यापाड्यांच्या तोंडी रुळवलेल्या भाषेत, ‘त्याची दाद कुणी घेतली नाही बाबा, म्हणून बसलंय लेकरू तिथं,’ असे म्हणे. मुंज होऊन सोडमुंजीआधीच गेलेले पोर ते मुंजा, बाळंतपणात गेलेली बाई ती हडळ. आपली भुतावळ म्हणजे अकाली मृत्यूंचे दफ्तरच आहे, आणि त्यातील प्रत्येक नोंदीखाली फैसल्याची जागा कोरी आहे.

गेल्या पन्नासेक वर्षांतील मराठी भयकथा आणि भयपट आठवताना भुताची दाद कुणी घेतली का, ही आजीचीच कसोटी मी त्यांना लावतो. १९७६ च्या ‘हा खेळ सावल्यांचा’ या वसंत जोगळेकरांच्या चित्रपटात आशा काळे यांच्या नायिकेचे भय तिच्याच मनाच्या जखमेतून उपजलेले आहे, हे उमगते तेव्हा प्रेक्षकाच्या भीतीची जागा कणव घेते. नारायण धारपांनी (१९२५–२००८) दोन पिढ्यांची झोप उडवली खरी. परंतु त्यांच्या समर्थकथांत अनिष्ट शक्तीचे पारिपत्य करण्याची जेवढी त्वरा आहे, तेवढी तिची कैफियत ऐकण्याची उसंत मला तरी आढळली नाही. रत्नाकर मतकरींचे (१९३८–२०२०) निराळे. मुलांसाठी ‘अलबत्या गलबत्या’ आणि दलितांवरील अत्याचारावर ‘लोककथा ७८’ लिहिणाऱ्या या लेखकाच्या गूढकथेतही दुबळ्याच्या दुःखाला जागा मिळते. १९९३ च्या ‘झपाटलेला’ने आम्हांला भुताला हसायला शिकवले, त्याबद्दल माझी तक्रार नाही.

कसोटीला पुरेपूर उतरला तो विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (२०१७). उसाच्या फडात वाट चुकलेल्या माणसाला चहूकडे सारखीच पाती आणि डोक्यावर हातभर आकाश दिसते. ती घालमेल ज्याने अनुभवली आहे, त्याला फडाने वेढलेल्या घरातील गरोदर नेहाची अवस्था समजावून द्यावी लागत नाही. तिला छळणाऱ्या भुतांच्या मुळाशी मुलींच्या हत्येचे पातक निघते. २०११ च्या जनगणनेत आमच्या शेजारच्या बीड जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली अवघ्या ८०७ भरल्या होत्या. तेव्हा त्या फडात कोण रडते, हे आम्ही कुणाला विचारावे?

राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ची (२०१८) भाषा हिंदी असली, तरी मुलूख कोकणचा आणि प्रेरणा धारपांच्या ‘आजी’ या कथेची. साखळदंडाने जखडलेली ती शापित म्हातारी, नायक विनायक मोठा होऊन परततो तेव्हा, देहातून झाड उगवले तरी जिवंतच असते, तिचे काळीज धडधडत असते. सोन्याचा ठाव सांगण्याच्या बदल्यात ती मागते केवळ मरण. ज्या राक्षसिणीला पाहून आपण डोळे झाकले, तिच्यासाठीच तेथे आपला जीव कळवळतो.

पुढे २०२४ मध्ये आदित्य सरपोतदार यांचा हिंदी ‘मुंज्या’ आला आणि तुफान चालला. मीही हसलो, एकदोनदा दचकलोही. पण संगणकाने घडवलेल्या त्या वेड्याविद्र्या आकृतीत आजीचे लेकरू काही मला सापडले नाही. मुंजाची फिर्याद पडद्यावर अजून रुजूच झालेली नाही.