पोर्टफोलिओत वहीही ठेवा

माझ्या भाचीला बडोद्याच्या फाइन आर्ट्समध्ये पेंटिंगचं एमव्हीए करायचं आहे. पोर्टफोलिओत तिने फक्त मोठी, पूर्ण झालेली चित्रं लावली होती. दांडिया बाजारातल्या माणसांची रेखाटनं असलेल्या वह्या मात्र माळ्यावर! मी त्या खाली काढायला लावल्या. चित्र कसं सुचलं, कुठे अडलं, हे वहीतच दिसतं आणि मुलाखतीत बोलायला तेच उपयोगी पडतं. 'हेच का रंगवलंस?' याचं उत्तर तिने आधी आईला मराठीत दिलं, मग इंग्रजीत. पाठ केलेलं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला कोसळतं.

आपल्या गावातलं पाहिलेलं असावं, हेही आलंच. कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. ती शाळेच्या सहलीनंतर तिकडे फिरकलीच नव्हती. १९५० साली ही फॅकल्टी सुरू झाली, तेव्हा चित्रकला विभाग उभा करणारे ना. श्री. बेंद्रे इंदूरचे मराठी गृहस्थ, हे तरी आपल्या मुलांना ठाऊक हवं.

भावजींची काळजी वेगळी: पुढे पोटाचं काय? ती काही खोटी नाही. भूपेन खख्खर चार्टर्ड अकाउंटंट होते. १९६२ मध्ये ते मुंबईहून बडोद्याला कलासमीक्षा शिकायला आले आणि पुढे कित्येक वर्षं हिशेब आणि चित्रं दोन्ही सांभाळत राहिले. हे ऐकून भावजी काही बोलले नाहीत.

मुलाखत सोमवारी आहे. वह्यांत खुणेचे कागद घालून झालेत. तिला सोडायला भावजीच जाणार आहेत.