दांड्यापुढे एकदाच बसता येते

रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करून घरी येणाऱ्या आपल्या बांधवांकडे गेलो, की एक प्रश्न आम्हांला हमखास विचारला जातो, "पोराला लढाऊ विमान चालवायचंय, कसं घेतात हो?" लोहगावची विमाने पोरांनी पाहिलेली असतात. परीक्षेची एक अट मात्र बहुतेकांना ठाऊक नसते.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित घेऊन खडकवासल्याच्या प्रबोधिनीची लेखी परीक्षा दिली, की निवड मंडळाचे बोलावणे येते. हवाई दलाची मंडळे डेहराडून, म्हैसूर, गांधीनगर, वाराणसी येथे आहेत. तिथे चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात. साठ शब्द एकामागून एक येतात, प्रत्येकावर पंधरा सेकंदांत वाक्य लिहायचे. शहाणपण जुळवायला वेळच मिळू नये, हाच हेतू! मैदानावर मुलाला छातीवरच्या क्रमांकाने हाक मारतात, आडनावाने नव्हे. हे आम्हांला मोलाचे वाटते. मुलाखतीत मात्र घरचेही विचारतात. बाप हेल्पर आहे हे सांगताना मान खाली घालू नये.

वैमानिकाची चाचणी निराळीच. जुन्या यंत्रावर हाताने दांडा, पायाने पट्ट्या चालवून पडद्यावरचा ठिपका चौकटीत ठेवावा लागे. मध्येच दिवा लागे, आवाज होई, तेही सांभाळायचे. आता ती संगणकावर होते, नाव 'सीपीएसएस'. असली चाचणी कशाला, असे कुणी म्हणेल. १९४३ साली अमेरिकेने हजारावर तरुणांना चाचणीचे गुण न पाहता मुद्दाम विमान शिकायला पाठवले. तळाच्या गुणांचे जवळजवळ सगळे गळाले, वरचे बरेच टिकले.

आता ती अट. या चाचणीत एकदा नापास झाल्यास वैमानिकासाठी पुन्हा कधीही बसता येत नाही. लेखी परीक्षा वयात असेतो पुन्हा देता येते, जमिनीवरच्या शाखा, भूदल, नौदल खुले राहते, पण विमान गेले ते गेले. म्हणून 'बघून तर येऊ' म्हणत, रात्रभर गाडीत जागून जाऊ नये. एक दिवस आधी पोहोचावे, झोप काढावी.

राखीव जागा तिथे नाहीत. अनुसूचित जातीच्या दाखल्यावर अर्जाची फी मात्र माफ आहे, आणि १९९० च्या दुरुस्तीपासून तो दाखला केंद्रात बौद्धांनाही मिळतो. पहिल्या खेपेस रेल्वेभाडे सरकार देते, तिकीट जपून ठेवावे. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलीही आहेत, तेव्हा हा अंक ताईच्याही हाती द्यावा.