एस्पोझितो: एक आडनाव, हजारो मूळपुरुष

इटलीत सर्वाधिक आढळणाऱ्या आडनावांत रोस्सी, रुस्सो आणि फेर्रारी यांच्या पाठोपाठ एस्पोझितो येते. पहिली दोन तांबूस केसांवरून पडली, तिसरे लोहारकामावरून. एस्पोझितोचा उगम मात्र रूपात नाही की व्यवसायात नाही. ‘बाहेर ठेवलेला’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून ते आले आणि नेपल्समध्ये जन्मदात्यांनी सोडून दिलेल्या मुलांना ते दिले जाई.

या मुलांना सांभाळणारी नेपल्समधील मोठी संस्था म्हणजे चौदाव्या शतकात स्थापन झालेली आनुन्झियाता. तिच्या भिंतीत एक फिरता लाकडी कप्पा होता. त्याला रुओता, म्हणजे चाक, म्हणत. बाहेरून कोणी त्यात मूल ठेवून कप्पा फिरवला की ते आत पोहोचे आणि ठेवणाऱ्याचा चेहरा कोणालाही दिसत नसे. आत मुलाची नोंद होई, त्याच्या गळ्यात खुणेचा शिशाचा बिल्ला बांधला जाई आणि त्याला दाईच्या हवाली केले जाई. आईबापांचे नाव ठाऊक नसल्याने पुढे बहुतेकांच्या नावापुढे एकच आडनाव लागे. ही निर्दय वाटणारी व्यवस्था मुलांचा जीव वाचावा म्हणूनच उभी राहिली होती, तरीही त्यांतील असंख्य मुले तान्हेपणीच दगावत.

इतर शहरांनी वेगळी आडनावे दिली. रोममध्ये प्रोइएत्ती, फ्लोरेन्समध्ये इन्नोचेंती. फ्लोरेन्समधील ज्या अनाथालयावरून हे नाव आले, त्याची इमारत ब्रुनेलेस्की या वास्तुविशारदाची असून तिचे बांधकाम १४१९ मध्ये सुरू झाले. मिलानच्या मुख्य रुग्णालयाचे बोधचिन्ह कबुतर होते, म्हणून तिथल्या मुलांना कोलोंबो हे आडनाव मिळे. अर्थात प्रत्येक कोलोंबोचा पूर्वज अनाथालयातला नव्हता.

आनुवंशिकीला हे आडनाव वेगळ्या कारणाने महत्त्वाचे आहे. आडनाव सहसा बापाकडून मुलाकडे जाते आणि वाय गुणसूत्रही त्याच वाटेने जाते. म्हणून आडनावांवरून नात्यांचा अंदाज बांधता येतो. चार्ल्स डार्विन यांचे चिरंजीव जॉर्ज डार्विन यांनी १८७५ मध्ये इंग्लंडमधील चुलत-मावस भावंडांतील विवाहांचे प्रमाण याच पद्धतीने अंदाजले. जेम्स क्रो आणि आर्थर मेंज यांनी १९६५ मध्ये तिला गणिती रूप दिले आणि लुईजी लुका कावाल्ली-स्फोर्झा यांनी इटलीच्या लोकसंख्येचा अभ्यास करताना आडनावांचा भरपूर उपयोग केला.

या पद्धतीमागे एक गृहीतक आहे: आडनाव समान असेल तर मूळपुरुषही समान असण्याची शक्यता मोठी. एस्पोझितोच्या बाबतीत ते टिकत नाही. चाकातून आत आलेले प्रत्येक मूल वेगळ्या, अज्ञात बापाचे. त्यातला प्रत्येक मुलगा मोठा होऊन संसाराला लागला की एक नवी वंशरेषा सुरू होई. म्हणजे आडनाव एक, पण वाय गुणसूत्रांचे उगम हजारो. अशा आडनावांची संख्या तशीच मोजली तर जवळच्या नात्यातील विवाह प्रत्यक्षापेक्षा जास्त भासतील, म्हणून त्यांचा वेगळा विचार करावा लागतो.

नेपल्सचा राजा जोआकिम म्युरा याच्या राजवटीत (१८०८-१८१५) असे उगम उघड करणारे आडनाव देण्यावर बंदी आली आणि आनुन्झियाताचे चाक १८७५ मध्ये बंद झाले. तोवर हे आडनाव असलेली कुटुंबे भरपूर वाढली होती. आजही नेपल्स आणि भोवतालचा कांपानिया प्रांत हेच त्याचे मुख्य क्षेत्र आहे. स्थलांतरितांबरोबर ते अमेरिका आणि अर्जेंटिनात गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिणेतून कामासाठी निघालेल्या मजुरांबरोबर तुरीन आणि मिलानच्या कारखान्यांपर्यंत पोहोचले.