ऑक्सिमीटरला नेमके काय दिसते?

करोनाच्या साथीत पल्स ऑक्सिमीटर घराघरांत पोहोचला. बोट चिमट्यात घातले की काही सेकंदांत ९७, ९८ असा आकडा दिसतो. हा आकडा कुठून येतो हे समजले, तर त्यावर कधी विसंबायचे आणि कधी नाही, हेही समजते.

या यंत्राच्या पोटात मायक्रोकंट्रोलर नावाची छोटी चिप असते. तिला धातूच्या पिना असतात आणि पिनांच्या गटाला ‘पोर्ट’ म्हणतात. बाहेरच्या जगाशी चिपचा संबंध येतो तो या पिनांमधूनच. बहुतेक पिना दोन्ही कामे करू शकतात. कोणती पिन इनपुट म्हणून माहिती आत घेईल आणि कोणती आउटपुट म्हणून हुकूम बाहेर पाठवील, हे प्रोग्रॅममध्ये ठरवून द्यावे लागते. आउटपुट पिनेवर चिप स्वतः व्होल्टेज देते किंवा ते शून्यावर आणते. इनपुट पिनेवर बाहेरून आलेले व्होल्टेज ती वाचते.

ऑक्सिमीटरमध्ये आउटपुट पिनांच्या हुकमाने दोन एलईडी आळीपाळीने लागतात. एक तांबडा, सुमारे ६६० नॅनोमीटरचा. दुसरा इन्फ्रारेड, सुमारे ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा. बोटातून पार झालेला प्रकाश पलीकडच्या फोटोडायोडवर पडतो आणि त्यातून निघालेला क्षीण विद्युतसंदेश वाढवून इनपुटला दिला जातो. बटण दाबले की नाही, एवढेच कळायचे असेल तर ‘हो’ किंवा ‘नाही’ पुरते. इथे प्रकाश किती, हे हवे असते. म्हणून ॲनालॉग-टू-डिजिटल कन्व्हर्टर त्या व्होल्टेजचा आकडा बनवतो. दोन्ही दिवे बंद असतानाही एक मोजणी होते. ती खोलीतला उजेड वजा करण्यासाठी.

ऑक्सिजन असलेले हिमोग्लोबिन तांबडा प्रकाश कमी शोषते, ऑक्सिजन नसलेले जास्त. नाडीच्या ठोक्यागणिक बदलणारा प्रकाशच तेवढा हिशेबात धरायचा, ही युक्ती जपानी अभियंता ताकुओ आओयागी यांची. १९७०च्या दशकात त्यांनी ती मांडली.

थोडक्यात, चिपला रक्त दिसत नाही. दिसते ते इनपुटवरचे व्होल्टेज. नखाला गडद रंग असला, बोट गार पडले असले किंवा हात थरथरत असला, तर आकडा चुकू शकतो.

खरा धोका कार्बन मोनॉक्साइडचा. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून झोपलेले किंवा हवा न खेळणाऱ्या न्हाणीघरात गॅस गीझर लावून अंघोळ करताना बेशुद्ध पडलेले रुग्ण आमच्याकडे आणले जातात. हा वायू चिकटलेले हिमोग्लोबिन या दोन प्रकाशांना जवळजवळ ऑक्सिजनयुक्त हिमोग्लोबिनसारखेच भासते. यंत्र ९८ दाखवते आणि शरीर मात्र ऑक्सिजनसाठी तडफडत असते.

म्हणून अशा ठिकाणी कुणाला डोकेदुखी, मळमळ, गुंगी जाणवली, तर आकडा पाहत बसू नका. आधी त्यांना मोकळ्या हवेत आणा आणि लगेच रुग्णालय गाठा. शेगडी किंवा गीझर चालू होता, हे डॉक्टरांना सर्वांत आधी सांगा. ती माहिती चिपच्या कोणत्याच पिनेतून आत जात नाही.