गाडीला भिणारा कुत्रा : आधी दुखणे शोधा

वर्षानुवर्षे आनंदाने गाडीत बसणारा कुत्रा एकाएकी दाराशीच थरथरू लागला, तर तो त्याचा हट्ट समजू नये. भोपाळच्या टी. टी. नगरात, न्यू मार्केटच्या गर्दीतून जाताना कानाशी वाजलेला कर्कश हॉर्न किंवा करकचून दाबलेला ब्रेक एवढे निमित्तही पुरते. मात्र सांधेदुखी, कानाचा संसर्ग वा उतारवयात मंदावलेली दृष्टी ही कारणेही असू शकतात. म्हणून प्रथम पशुवैद्यकाकडून तपासणी करून घ्यावी. लाळ गळणे, धाप लागणे, वारंवार जांभया देणे ही भीतीची वा मळमळीची लक्षणे होत.

दुखणे नसल्यास सवय नव्याने लावावी. आधी इंजिन बंद असलेल्या उभ्या गाडीत आवडता खाऊ द्यावा. मग इंजिन सुरू करावे. पुढे फाटकापर्यंत आणि नंतर १ किलोमीटर न्यावे. तो बिचकला, तर एक पायरी मागे यावे. रागावण्याने वा ओढून बसवण्याने भीती अधिक दृढ होते. निघण्यापूर्वी भरपेट जेवण टाळावे. माणसांची औषधे देऊ नयेत. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या मूत्रपिंडास घातक ठरते. उन्हात बंद गाडीत एकटे ठेवणे तर जिवावर बेतते : बाहेर २४ अंश सेल्सिअस असताना आतील तापमान १० मिनिटांत सुमारे ३४ अंशांवर जाते.